नाकाच्या सर्जरीसाठी व्हिडिओ कॉल करताय? या चुका टाळा

कॉल सुरू होतो, मोबाइल चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो आणि पहिलं वाक्य येतं, "डॉक्टर, बघा ना, नाक किती फेंदारलेलं दिसतंय!"

एवढ्या जवळून कुणाचंही नाक फेंदारलेलंच दिसेल. कॅमेऱ्याला नाक जवळ आणि कान लांब पडतात, त्यामुळे नाक फुगतं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत, ५ फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत, नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिलं. एका मुलीला मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून पाच पावलं मागे जायला सांगितलं आणि तो फोटो तिलाच दाखवला. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "हे तर आईचं नाक आहे." सर्जरीचा विषय तिनेच बंद केला.

म्हणून फोटो दुसऱ्याकडून, मागच्या कॅमेऱ्याने काढून घ्या आणि कॉलच्या आधी पाठवा: समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्हीकडून तिरके, आणि मान मागे टाकून नाकपुड्या दिसतील असा एक. ब्यूटी मोड बंद हवा. सेल्फी अनेकदा आरशासारखी उलटी येते, तेव्हा नाक डावीकडे वाकलंय की उजवीकडे, ते तोंडानेही सांगा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. व्रण दाखवायचा असेल तर मात्र उजेड बाजूने येऊ द्या, त्याशिवाय व्रण किती खोल आहे ते कळत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. घरची मंडळी शेजारी बसलेली असतात आणि मिश्री, तंबाखू, सिगारेटबद्दल विचारलं की उत्तर येतं, "छे, काही नाही." निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्याही लपवू नका. पाच मिनिटं एकट्याने बोला, आम्हाला राग येत नाही.

आणि नुसत्या कॉलवर तारीख ठरवून ॲडव्हान्स भरू नका. नाकाचा पडदा आतून बघावा लागतो, कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, बोटाने दाबून बघावी लागते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमांनुसार प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, तोही तपासा.

सर्जरीनंतरचा फॉलोअप कॉलवर छान होतो. पण फिलर (भराव देणारं इंजेक्शन) घेतल्यावर त्वचा पांढरी किंवा निळसर जाळीदार झाली, खूप दुखू लागलं, नजर धूसर झाली, किंवा फेसलिफ्टनंतर (चेहऱ्याची सैल त्वचा ताणून घेण्याच्या सर्जरीनंतर) एकच गाल अचानक टम्म फुगला, तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. तसंच उठून हॉस्पिटल गाठा. रात्री अकराला पाठवलेला फोटो सकाळी आठला उघडला गेल्याचं मी पाहिलंय. रात्री फोन कोण उचलेल आणि तुमच्या गावाजवळ कुठे जायचं, हे दोन्ही पहिल्याच कॉलवर विचारून कागदावर लिहून घ्या.