आई, मावशी, सासू, शेजारीण: चरित्र भूमिका कशी उभी करावी

चरित्र भूमिका संवादांच्या संख्येवर मोजू नये. संहिता हातात आली की आधी एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात तुमचं पात्र स्वतःबद्दल जे बोलतं ते, दुसऱ्यात बाकीची पात्रं तिच्याबद्दल जे बोलतात ते, तिसऱ्यात ती प्रत्यक्षात जे करते ते. पहिला आणि तिसरा रकाना जिथे जुळत नाही, तिथे भूमिका आहे. "मला कुणाचं काही नको" म्हणणारी मावशी दोन प्रवेशांनंतर कपाटाची किल्ली मागत असेल, तर तुम्हाला काय खेळायचं आहे ते मिळालं. दुसरा रकाना एन्ट्रीसाठी वापरा. तुम्ही विंगेतून बाहेर येण्याआधीच प्रेक्षकांच्या मनात तुमचं एक चित्र तयार झालेलं असतं. त्यातलं काय खरं करायचं आणि काय मोडायचं, हे पहिल्या वाचनालाच ठरवा.

वय

तरुणपणी म्हातारी साकारणं ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. ‘सारांश’ १९८४ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा रोहिणी हट्टंगडी ३३ वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर त्या मुलगा गमावलेल्या वृद्ध आईच्या भूमिकेत होत्या. रीमा लागू १९८९ मध्ये पडद्यावर ज्या नायकाची आई झाल्या, तो त्यांच्यापेक्षा जेमतेम सात-साडेसात वर्षांनी लहान होता.

नवख्या अभिनेत्रीकडून तीन गोष्टी हमखास होतात: ती कंबरेत वाकते, आवाज कापरा करते आणि हात थरथरवते. तिन्ही एकदम केल्या की माणूस पुसला जातो, उरते फक्त ‘म्हातारी’. कारण साधं आहे. वयस्कर माणूस वाकण्याचा प्रयत्न करत नाही, सरळ उभं राहण्याचा करतो. तो प्रयत्न दाखवायचा असतो, वाकणं त्यातून आपोआप येतं.

म्हणून दुखण्याची एकच जागा निवडा: गुडघा, कंबर, डोळे किंवा कान.

गुडघा निवडलात तर डावा की उजवा हे पहिल्या दिवशी ठरवा. तालमीत त्याच गुडघ्याला नी-कॅप घाला, म्हणजे शरीर विसरत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी वर जातो, उतरताना दुखरा पाय आधी खाली येतो. हे उलटं झालं तर प्रेक्षकाला चूक सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास उडेल. खुर्चीत बसताना आधी पोटरीला खुर्चीची कड लागू द्या, मग हात दांडी शोधेल, मग वजन सोडा. वाक्य बसण्याच्या आधी संपवा किंवा बसल्यावर सुरू करा, बसता बसता बोलू नका. उठताना उलट: आधी टाच मागे, छाती पुढे, हाताने रेटा, आणि उभं राहिल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबणं. तो क्षण कितीही घाई असली तरी सोडायचा नाही.

डोळे निवडलेत तर कागद लांब धरून वाचा. कान निवडलात तर बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघा आणि उत्तर किंचित उशिरा द्या. मात्र हे सहकलाकारांना आधी सांगा. नाहीतर तुम्ही संवाद विसरलात असं समजून कुणीतरी तुमचं वाक्य भरून काढेल.

आवाज वयस्कर करायचा तर श्वास लहान करा. लांब वाक्य तीन तुकड्यांत तोडा आणि व्याकरणाच्या जागी नव्हे, दम संपेल त्या जागी श्वास घ्या. घसा आवळून काढलेला म्हातारा आवाज शनिवारी दुपारच्या प्रयोगाला जमतो, रात्रीच्या प्रयोगाला बसतो.

शेवटची रांग

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. "ती आली नाही" मधला शेवटचा शब्द गिळलात तर बाल्कनीतल्या प्रेक्षकाला "ती आली" एवढंच ऐकू जातं आणि पुढचा प्रवेश त्याला कळेनासा होतो. ओरडून हे सुटत नाही. वाक्याच्या शेवटासाठी श्वास राखून ठेवावा लागतो. नव्या नाट्यगृहात प्रयोगाआधी कुणालातरी शेवटच्या रांगेत बसवा, दहा वाक्यं बोला आणि कुठला शब्द पोचला नाही तेवढंच विचारा. प्रत्येक नाट्यगृह आवाज वेगळा परत देतं. शिवाजी मंदिरात बसवलेली पट्टी गडकरी रंगायतनात तशीच चालेल असं धरून चालू नका.

हशा आला की तो ओसरू लागेपर्यंत थांबा, पूर्ण शांततेची वाट बघू नका. तोवर हातातलं काम चालू ठेवा: भाजी निवडणं, घडी घालणं, पानाचा डबा आवरणं. पुतळा होऊन उभं राहिलात तर तुम्ही हशाची वाट बघताय हे दिसतं. आणि हशा आला नाही तर वाट न बघता पुढे जा.

बोलीचं काम मागितलं तर त्या भागातल्या दोन बायकांचं साधं बोलणं रेकॉर्ड करून घ्या आणि त्यातल्या तीन-चार खुणाच उचला. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळा डोया होतो, "काय करून रायली?" असं विचारतात. मालवणीत खंय, थंय, हंय मधला अनुनासिक महत्त्वाचा. सगळंच बदलायला गेलात की बोली वेशभूषेसारखी दिसू लागते, आणि मूळ गावचा प्रेक्षक सगळ्यात आधी नाराज होतो.

मेकअप, साडी, बांगड्या

रंगमंचावर पेन्सिलीने ओढलेल्या सुरकुत्या लांबून चालतात. क्लोजमध्ये, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याजवळ असताना, त्या रेघाच दिसतात. कॅमेऱ्यासाठी लिक्विड लॅटेक्स (पातळ रबरी द्रव) वापरतात. त्वचा बोटांनी ताणून धरायची, स्पंजने पातळ थर टिपायचा, ताणलेल्या अवस्थेतच पूर्ण वाळू द्यायचा, पावडर लावायची आणि मग त्वचा सोडायची. सुरकुती आपोआप पडते. घाईत ओला सोडला तर थर चिकटतो आणि गोळा होतो. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. भुवया आणि केसांच्या कडेला आधी व्हॅसलिन लावा. केस पांढरे करताना कानशिलांपासून सुरुवात करा, आणि मान व हातांचे पंजे विसरू नका. साठीचा चेहरा आणि पंचविशीचे हात, ही चूक आजही दिसते.

नऊवारी असेल तर निदान शेवटच्या दहा तालमी नऊवारीत करा. पाऊल, बसणं, वाकणं सगळं बदलतं. सिंक साउंड असेल, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज रेकॉर्ड होत असेल, तेव्हा काचेच्या बांगड्या संवादावर वाजतात. मागच्या बाजूने पारदर्शक टेपने त्या एकमेकींना जोडून घ्या.

कॅमेऱ्यासमोर

मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग टिपणारा शॉट) जे केलं तेच सजेशनला (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट) आणि क्लोजला करावं लागतं. म्हणून मास्टरमध्ये हौसेने दहा गोष्टी करू नका. कप कोणत्या शब्दाला उचलला, पदर कोणत्या हाताने सारखा केला, हे कागदाच्या कडेला लिहा. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं जुळतंय का ते, बघणारा सहायक असतोच, पण हात जुळला नाही म्हणून संकलनात तुमचा उत्तम क्लोज गळला, तर नुकसान तुमचं आहे.

चरित्र अभिनेत्रीचं पडद्यावरचं अर्धं काम ऐकण्याचं असतं. समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावू नका. ऐकताना मनात एकच विचार धरा: ‘हा खोटं बोलतोय’, किंवा ‘हिने जेवून घेतलं असेल का’. चेहरा त्याच्या मागे येतो.

चित्रपट क्रमाने चित्रित होत नाही. ‘गांधी’ (१९८२) मध्ये रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा तरुण वयापासून म्हातारपणापर्यंत जाते, आणि त्या कामाला सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. अशा भूमिकेसाठी वयाचा तक्ता हवाच: दृश्य क्रमांक, पात्राचं वय, दुखण्याची जागा किती वाढली, चालण्याचा वेग, केस. सकाळी पासष्टीचं आणि दुपारी तिशीचं दृश्य लागलं तर तक्ता पाच मिनिटांत तुम्हाला जागेवर आणतो.

मालिकेत सीनचा कागद अनेकदा त्याच दिवशी येतो. शब्द घोकू नका, पात्राला या सीनमध्ये कोणाकडून काय हवंय ते आधी पकडा, मग पाठांतर निम्म्या वेळात होतं. दैनंदिन मालिका वर्षानुवर्षं चालू शकते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून ३००० हून अधिक भाग चालली. एवढ्या काळात भूमिका सवय होऊन बसते. दर काही महिन्यांनी तीन रकान्यांची ती वही पुन्हा उघडा.

काम मिळवणं आणि टिकवणं

प्रशिक्षणासाठी पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) हे रस्ते आहेत. हौशी गटातून राज्य नाट्य स्पर्धा हाही तितकाच खरा रस्ता आहे, तिथे वयस्कर भूमिका तरुणींना सर्रास मिळतात. विदर्भातल्या मुलींनी झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीकडे, दुर्लक्ष करू नये. देसाईगंज-वडसा परिसरातून दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम, रात्रभर चालणारे प्रयोग आणि समोर हजारोंचा जमाव, एवढा सराव शहरात मिळत नाही.

प्रोफाइलमध्ये चार फोटो पुरेत: बिनमेकअपचा, साडीतला, आधुनिक कपड्यांतला, ग्रामीण पेहरावातला. फिल्टर नको. स्वतःचं वय न लिहिता ‘३० ते ५५’ असा भूमिकांचा पल्ला लिहा. सेल्फ टेप (ऑडिशनसाठी स्वतःच काढलेला व्हिडिओ) आडव्या फ्रेममध्ये, खिडकीकडे तोंड करून घ्या, आणि समोरून संवाद देणाऱ्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू ठेवा. ऑडिशनसाठी किंवा ‘रजिस्ट्रेशन’साठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका.

एकदा आई केली की पुढची विचारणाही आईचीच येते. तीस वर्षांची असताना आईची भूमिका नाकारावी असं नाही, पण त्या आईला मुलाव्यतिरिक्त स्वतःचं काही हवं आहे का ते बघा. सलग तीन कामं सारखी झाली तर चौथं रंगभूमीवर उलट्या जातीचं शोधा, प्रायोगिक असलं आणि पैसे कमी असले तरी. निर्माते आणि दिग्दर्शक नाटक बघायला येतात.

पैशांचं गणित दोन माध्यमांत वेगळं आहे. नाटकात नाईट (दर प्रयोगाचं मानधन) ठरते आणि पाकीट बहुधा त्याच दिवशी मिळतं. मालिकेचं मानधन साधारण तीन महिन्यांनी येतं, त्यातून १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापलेला असतो. म्हणून मालिका घेताना चार महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा. करारात महिन्याचे किमान शूटिंगचे दिवस, शिफ्टचे तास आणि शनिवार-रविवारच्या प्रयोगांची मोकळीक लेखी घ्या. तोंडी शब्दावर राहिलं की तुमच्या पात्राचा ट्रॅक (कथानकाचा धागा) तापल्यावर प्रयोगाच्या दिवशीच कॉलटाइम (सेटवर हजर राहण्याची वेळ) लागतो, आणि मग नाटकाची बस तुमच्याविना निघते. लीप आल्यावर, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे गेल्यावर, तुमचं पात्र गेलं तर किती दिवस आधी कळवायचं, तेही त्याच कागदावर हवं. वाद झाला तर उपयोगी पडावं म्हणून सिन्टाचं (सिने आणि टीव्ही कलाकारांची संघटना) सदस्यत्व घेऊन ठेवा.

नाटकात रिप्लेसमेंट, म्हणजे तुमच्या जागी दुसरी अभिनेत्री, येणार असेल तर तुमची वही तिला द्या. कुठल्या वाक्याला हशा येतो, कुठल्या पायरीला कठडा नाही, दुसऱ्या अंकाआधी साडी बदलायला नेमका किती वेळ मिळतो, कुठला गुडघा दुखतो, सगळं. निदान एक प्रयोग तिला विंगेतून बघू द्या आणि एक शेवटच्या रांगेतून.