सायकलला रुंद टायर बसवण्यापूर्वी
टायरच्या बाजूवर उठवलेला ‘२८-६२२’ यासारखा आकडा आधी वाचावा. त्यातला पहिला भाग रुंदी आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड चालत नाही. दोन्ही चाकांना २८ऐवजी ३८चे टायर घातल्यास सायकलची उंची सुमारे १० मिलिमीटरने वाढते. खरी अडचण फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि ब्रेकपाशी येते, म्हणून चाक हाताने फिरवून टायरभोवती सर्व बाजूंनी निदान ४ ते ५ मिलिमीटर जागा उरते का, हे नीट पाहावे; पावसाळ्यात चिखल नेमका तिथेच अडकतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तो दबून चांगली पकड घेतो. मात्र टायरवर छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये.