दाढ काढल्यावर खड्ड्यातली गुठळी कशी जपायची

दसरा उलटला की माझ्या दवाखान्यात दाढा काढून घेणाऱ्यांची गर्दी होते. माजलगाव, धारूर, वडवणीकडची माणसं ऊसतोडीला निघण्याआधी दुखणी निस्तरून घेतात. आज दाढ काढायची, उद्या मुकादमाच्या गाडीत बसायचं. मग तिसऱ्या रात्री कारखान्याच्या तळावरून फोन येतो. चार वर्षांपूर्वी असाच एका मामांचा आला होता. "मॅडम, दाढ तर काढली, मग हे कानापत्तूर काय ठणकायलंय?"

चूक माझी होती. "मिठाच्या पाण्यानं चुळा भरा" एवढंच मी सांगितलं होतं, 'उद्यापासून' म्हणायचं राहिलं. मामा दवाखान्यातून उतरले ते थेट समोरच्या हॉटेलात. तिथं गरम पाणी आणि मीठ मागून खळखळून चुळा सुरू. वर तंबाखूची चिमूट. खड्ड्यातली गुठळी त्याच संध्याकाळी गेली असणार.

दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो, तो रक्तानं भरतो आणि रक्त गोठतं. गोठतं म्हणजे रक्तातल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन नावाचे धागे होतात आणि बाजेच्या सुतळीसारखे विणले जातात. ही जाळी उघड्या हाडावरचं पांघरूण असते, तिच्याच आधारानं नवं मांस भरतं. जाळी उसवायची सोयही शरीरानंच केलेली आहे. यकृतात तयार होणारं प्लाझ्मिनोजेन रक्तात झोपलेलं असतं. ते जागं झालं की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते फायब्रिनचे धागे कापत सुटतं. नवं मांस भरत जाईल तसं त्यानं हळूहळू कापावं, हे बरोबर. पण खालची अक्कलदाढ काढताना हाडाला फार मार बसला तर हाडातूनच प्लाझ्मिनला जागं करणारे पदार्थ सुटतात आणि दोन-तीन दिवसांतच जाळी विरते. गुठळी अशी वेळेआधी जाऊन खड्डा उघडा पडतो, त्या दुखण्याला ड्राय सॉकेट म्हणतात. डेन्मार्कच्या बिर्न यांनी १९७३ साली त्याचं कारण मांडलं ते हेच.

मुळात जंतूही हे काम जाणतात. हार्ट अटॅकच्या पेशंटला गुठळी विरघळवायला देतात ते स्ट्रेप्टोकायनेज स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासूनच मिळतं. टिलेट यांनी १९३३ मध्ये ते ओळखलं. हिरड्यांच्या फटीत राहणाऱ्या ट्रेपोनेमा जंतूंनाही फायब्रिन विरघळवता येतं. म्हणून दातांवर किटण चढलेलं असेल आणि घाई नसेल, तर मी आधी दात साफ करते, मग दाढ काढते. पेशंट कुरकुरतात, "दोन खेटे कशाला?"

आता करायचं काय. कापसाचा बोळा दाबून धरा, अर्धा ते पाऊण तास. दर पाच मिनिटांनी काढून "रक्त थांबलं का" बघायचं नाही. बोळा उचलला की गुठळीही त्याच्याबरोबर उचलली जाते. लाळ गिळायची. लाळेत थोडं रक्त मिसळलं की तोंडभर रक्त वाटतं, घाबरू नका. थुंकणं सगळ्यात वाईट, कारण थुंकताना तोंडात ओढ तयार होते. स्ट्रॉनं ताक पिणं, विडी ओढणं त्याच जातीचं. तंबाखू, मिश्री, गुटखा निदान तीन दिवस बंद. पहिले चोवीस तास चूळच नाही. गालावर बाहेरून बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. जेवायला गार दहीभात, ज्वारीच्या गार कण्या, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. ठेचा राहू द्या.

दुसऱ्या दिवसापासून मीठपाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात धरायचा, मान कलती करायची आणि पाणी आपोआप सांडू द्यायचं. खळखळ नाही, पिचकारी नाही. बाकीचे दात ब्रशनं घासा, खड्ड्याच्या बाजूला हात हलका ठेवा.

बहुतेक लोक फसतात ते तिसऱ्या दिवशी. खड्ड्यावर पांढरट-पिवळट साय दिसते. "पू झालाय" म्हणत घरातलं कुणीतरी काडी नाहीतर सुई घेऊन बसतं. ती साय फायब्रिनची, भरत आलेल्या जखमेची. एका आजींच्या नातवानं मोबाइलचा उजेड पाडून ती कापसानं पुसून काढली आणि मोठ्या अभिमानानं मला दाखवायला आणली. तिला हात लावू नका.

साय आहे की बिघाड, हे दुखण्यावरून ओळखा. दुखणं दिवसागणिक उतरत असेल तर ठीक. उतरलेलं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलटं चढलं, कानाकडे सरकलं, तोंडाला वास सुटला आणि खड्डा रिकामा दिसला, तर तो ड्राय सॉकेट. यात सहसा ताप नसतो, पू नसतो. म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून उपयोग नाही. डॉक्टर खड्डा धुऊन लवंगतेलाच्या वासाची पट्टी भरतात, बराच आराम पडतो. घरी खड्ड्यात लवंग कोंबू नका, मांस भाजतं. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, घोट गिळवेना, यातलं काही असेल तर तो पसरणारा संसर्ग. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

दोन गोळ्यांबद्दल सांगते. ॲस्पिरिनसारखी 'रक्त पातळ करायची' गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, आधी आम्हाला सांगा. ती गुठळी विरघळवत नाही, नवी व्हायला अडथळा करते. रक्त थांबेना तर आमच्याकडे ट्रानेक्झॅमिक ॲसिड असतं, जे प्लाझ्मिनला धाग्यांवर बसू देत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीनं ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं. दुसरी, सूज उतरायला मिळणारी सेराटिओपेप्टिडेज. हे एन्झाइम रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जंतूपासून काढलेलं. आमच्या बीड-जालन्यात रेशमाचे कोष पिकतात, म्हणून मला याचं जरा कौतुक होतं. पण जपानमध्ये मूळ कंपनीनंच २०११ साली परिणाम सिद्ध होईना म्हणून ती बाजारातून काढली. मी आता लिहून देत नाही.

जाळी कधीच विरघळली नाही तर? काही मुलांत जन्मतः प्लाझ्मिनोजेन कमी असतं. त्यांच्या हिरड्यांवर फायब्रिनचे थर साचतात आणि दात लहानपणीच हलायला लागतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं, की साचलेल्या फायब्रिनला पांढऱ्या पेशी चिकटतात, चवताळतात आणि दातांचं हाड खातात. त्यांचं चिकटणं अडवलं तर हाड वाचतं. रोज रक्त येणाऱ्या हिरड्या बघताना मला हे आठवतं.

आता मी कागदावर चित्रं काढून देते: पेल्यावर फुली, पुडीवर फुली, शेजारी सूर्य, म्हणजे 'उद्या सकाळी'. यंदा तेच मामा बायकोला घेऊन आले. दाढ काढून झाल्यावर मी काकूंना विचारलं, "आता बरं वाटतंय का?" त्यांनी ओठ घट्ट मिटून बोटानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. अजून बारा मिनिटं बाकी होती.