‘कशावर लिहू?’ असं विचारणं मी का सोडलं

एका जिल्हा दैनिकात मी दर पंधरवड्याला शेतजमिनीच्या कागदपत्रांवर सदर लिहिते. शिक्षण वकिलीचं, त्यामुळे सातबारा, आठ-अ, फेरफार, खातेफोड असे पहिले आठ-दहा लेख भराभर झाले. मग विषय संपले. लेखाखाली एक ओळ टाकली, ‘पुढे कशावर वाचायला आवडेल ते कळवा.’ उत्तरं आली ती ‘छान लिहिता’, ‘सगळंच उपयोगी असतं’, ‘शेतकऱ्यांच्या समस्यांवर लिहा’ अशी. माणसं मनापासून सांगत होती, पण त्यातून एकही लेख उभा राहीना.

नव्याने लिहिणाऱ्यांना मी हेच आधी सांगते. विषय ठरवणं आपलं काम आहे, ते वाचकावर टाकू नका. त्याला त्याचं अडलेलं काम विचारा. पुढच्या वेळी मी विचारलं, ‘तलाठी कार्यालयातून शेवटचं रिकाम्या हाताने परत आलात, ते कोणत्या कागदापायी?’

पहिलाच फोन एका वयस्कर शेतकऱ्याचा. ‘उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलंय, ते काय असतं ताई?’ एकत्र कुटुंब मॅनेजर. माझ्या इतकं सवयीचं, की यावर लिहावं असं कधी मनातही आलं नव्हतं. वडील गेल्यावर सगळ्या वारसांऐवजी थोरल्याचंच नाव लावायची जुनी रीत होती. तो कुटुंबातर्फे जमीन सांभाळणारा. एवढ्या नोंदीने तो एकटा मालक होत नाही. हे आजोबा मात्र उताऱ्यावर आपलं नाव नाही म्हणजे हक्कच गेला, असं धरून कित्येक वर्षं गप्प बसले होते. तो लेख आला आणि फोन थांबेनात. बहुतेकांची सुरुवात ‘आमच्याकडेही तसंच आहे’ अशी. अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) वारसाचा पालनकर्ता, वारसनोंद, नमुना सहा-क म्हणजे वारसांची नोंदवही, हे पुढचे लेख त्याच फोनांतून निघाले.

प्रश्न वहीत उतरवताना वाचकाचेच शब्द ठेवा. ‘कर्ज फिटलं, पण बँक उताऱ्यावरून उतरेना’ असं एकाने सांगितलं. मी ‘इतर अधिकारातील बोजा कमी करणे’ असं लिहिलं असतं, आणि ज्याला गरज आहे त्यानेच पान उलटलं असतं. कर्ज फिटल्यावर बँकेचं पत्र घेऊन अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो, म्हणजे नोंद बदलते, एवढंच सांगायचं होतं. शीर्षक त्याचंच वाक्य ठेवलं. किरकोळ वाटणारा प्रश्नही टाकू नका. ‘0.80 म्हणजे किती एकर?’ हा प्रश्न मी दोनदा बाजूला सारला होता. 0.80 हेक्टर म्हणजे 80 आर, म्हणजे जवळजवळ 2 एकर. आजही सर्वाधिक कात्रणं त्याच लेखाची दिसतात.

पण फोन करणारे जवळजवळ सगळे पुरुष, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. ज्यांचे प्रश्न येत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं असतं. एका बचत गटाच्या बैठकीत गेले. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी बोलेना. चहाच्या वेळी एकजण जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘हक्कसोडपत्रावर सही नाही केली तर माहेर तुटेल का?’ हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं मला पाठ होतं. तिचा प्रश्न तो नव्हताच. शेवटी मी सही करण्याआधी काय विचारायचं ते लिहिलं. कोणत्या गट नंबरच्या जमिनीतला किती हिस्सा सोडतेय, मोबदला आहे का, दस्त घरी नेऊन वाचायला मिळेल का, एकदा नोंदवलेला दस्त सहज रद्द होत नाही हे कुणी सांगितलंय का. चार वेळा लिहून काढला तो लेख.

लोक विश्वासाने सांगतात, तो जपायला हवा. एकदा मी नाव-गाव बदललं, पण बांधावरची पडकी विहीर तशीच ठेवली. गावाने घर ओळखलं. त्या कुटुंबाकडे जाऊन माफी मागावी लागली. तेव्हापासून ज्याचा प्रश्न, त्याला छापण्याआधी लेख वाचून दाखवते आणि त्याने हो म्हटल्याशिवाय पाठवत नाही. मूळ कागद पाहिल्याशिवाय कुणाच्या वादाचा निकालही सदरात देत नाही.

सध्या वहीत ‘मोजणी झाली, पण शेजारी खुणा मानत नाही’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या तालुक्यांतून आलंय. लेख त्यावरच होईल. त्याआधी मला खुणा न मानणारा एखादा शेजारी गाठायचा आहे, त्याचं काय अडलंय ते विचारायला.