लिनक्स सुरू होताना कोणाला उठवायचं, कोणाला झोपू द्यायचं

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की पहिले काही महिने मजेत जातात. मग एके दिवशी लक्षात येतं, की लॅपटॉपचं बटण दाबून चहाचं आधण ठेवलं तर आधी चहा होतो. बरेच जण लगेच डिस्कला किंवा रॅमला दोष देतात. मी म्हणेन, आधी बघा की मशीन उठताना कोणाची वाट बघत बसतंय.

कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

सुरुवात 'पीएस -पी १' या कमांडने करा. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सर्वांत आधी सुरू केलेल्या प्रोसेसचं नाव ती सांगते. उत्तर 'सिस्टमडी' (बाकी सगळ्यांना उठवणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) आलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियन आणि उबुंटूने २०१५ मध्ये सिस्टमडी स्वीकारलं, त्यामुळे बहुतेकांकडे तेच निघेल. देवुआनसारखी काही वितरणं (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) मुद्दाम त्यापासून लांब राहिली आहेत.

मशीनने कोणत्या अवस्थेपर्यंत उठायचं, हे आकड्याने सांगणारी रनलेव्हल ही त्याआधीची पद्धत. ० म्हणजे बंद, १ म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्याने आत शिरणं, ३ म्हणजे नेटवर्कसह पण डेस्कटॉपशिवाय, फक्त कमांड लिहायचा काळा पडदा, ५ म्हणजे डेस्कटॉप, ६ म्हणजे रीबूट. हे अर्थ रेड हॅटच्या घराण्यातले. डेबियनमध्ये २ ते ५ मुळात सारखेच असायचे, त्यामुळे एकीकडचं पाठांतर दुसरीकडे फसायचं. सिस्टमडीने आकडे काढून नावं दिली आणि त्यांना टार्गेट म्हटलं: ३ च्या जागी 'मल्टी-युजर.टार्गेट', ५ च्या जागी 'ग्राफिकल.टार्गेट', १ च्या जागी 'रेस्क्यू.टार्गेट'.

तुमचं मशीन कुठे जाऊन थांबतं, ते 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' सांगेल. घरातला जुना डबा फक्त फाइल ठेवायला वापरत असाल, तर त्याला डेस्कटॉप कशाला हवा?

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर.टार्गेट

'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने. हा बदल पुढच्या बूटपासून, म्हणजे मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हापासून, लागू होतो. 'सेट-डिफॉल्ट'ऐवजी 'आयसोलेट' लिहिलंत तर तो त्याच क्षणी होतो आणि डेस्कटॉपवर उघडी असलेली सगळी कामं न विचारता बंद पडतात. आधी सेव्ह करा.

आता वेळेचा हिशेब. 'सिस्टमडी-अनालाइझ' एकूण वेळ सांगतं. त्यापुढे 'ब्लेम' लिहिलं, की कोणत्या सर्व्हिसने (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामने) किती सेकंद घेतले याची यादी येते, सर्वांत संथ सर्वांत वर. या यादीवर फार विसंबू नका. सर्व्हिसेस एकाच वेळी समांतर सुरू होतात, त्यामुळे वीस सेकंद घेणारी सर्व्हिस कोणालाच अडवत नसेल, तर ती काढून बूट वीस सेकंदांनी लवकर होणार नाही. कोण कोणासाठी खोळंबलं होतं, हे 'सिस्टमडी-अनालाइझ क्रिटिकल-चेन' दाखवतं. खरा गुन्हेगार बहुधा तिथे सापडतो.

बहुधा म्हणायचं कारण माझाच अनुभव. एकदा मी स्वॅपचं पार्टिशन (रॅम कमी पडली तर वापरायचा डिस्कचा तुकडा) उडवलं आणि विसरून गेलो. त्यानंतर दर बूटला तब्बल दीड मिनिट मशीन गप्प. मी दोन संध्याकाळी सर्व्हिसेस बंद करत बसलो, फरक शून्य. शेवटी बूट होतानाचा मजकूर नीट वाचला. 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये त्या पार्टिशनची ओळ तशीच होती आणि सिस्टमडी नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत होतं. ती ओळ वाचली जाऊ नये म्हणून सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, प्रश्न मिटला. म्हणून काहीही बंद करण्याआधी 'जर्नलसीटीएल -बी -पी वॉर्निंग' चालवून या बूटमधल्या तक्रारी वाचा.

त्यानंतर कात्री. काय काय आपोआप सुरू होतं, ते असं बघा:

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड

प्रिंटर नसेल तर 'कप्स', सिम कार्डचा डोंगल वापरत नसाल तर 'मोडेममॅनेजर', ब्लूटूथ लागत नसेल तर 'ब्लूटूथ': हे बिनधास्त काढता येतात. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' नेट जोडलं जाईपर्यंत इतरांना थांबवून धरतं. बूटच्या वेळीच नेटवर्कवरचं फोल्डर जोडायचं नसेल, तर घरच्या लॅपटॉपला त्याची गरज नसते.

इथे तीन शब्दांची गल्लत होते. 'स्टॉप' आत्तापुरतं थांबवतं, पुढच्या बूटला ती सर्व्हिस परत हजर. 'डिसेबल' पुढच्या बूटपासून आपोआप उठणं बंद करतं, पण आत्ता चालू आहे ते चालूच राहतं. दोन्ही हवं असेल तर:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ ब्लूटूथ

तरी काही सर्व्हिसेस मागच्या दाराने येतात. 'कप्स.सर्व्हिस' काढली तरी 'कप्स.सॉकेट' दार धरून बसलेलं असतं. कोणी छपाईसाठी हाक मारली की ते सर्व्हिसला उठवतं. म्हणून सॉकेट आणि 'कप्स.पाथ' ही दोन्हीही डिसेबल करा. एवढ्यानेही ऐकलं नाही तर 'मास्क'. त्याने सर्व्हिसचं नाव थेट 'डेव्ह-नल'ला (लिनक्समधल्या कायम रिकाम्या फाइलला) जोडलं जातं, मग कोणीही हाक मारली तरी ती उठत नाही. परत हवी असेल तर 'अनमास्क'.

यादीत नाव ओळखीचं नाही म्हणून हात लावू नका. 'डीबस', 'सिस्टमडी-लॉगिनडी', 'सिस्टमडी-युडेव्हडी' यांना सोडा. लांबच्या सर्व्हरवर बसून 'एसएसएच' (जिच्यामार्फत आपण तिथे लांबून शिरतो ती सर्व्हिस) बंद करणं म्हणजे घराबाहेर उभं राहून आतून कडी लावणं. एका वेळी एकच सर्व्हिस काढा, रीबूट करा, काय काढलं ते वहीत लिहा.

इतकं करूनही डेस्कटॉप आलाच नाही तर? मशीन सुरू होताना ग्रबचा (लिनक्सला सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा. तो लपलेला असेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट, यूईएफआयवर एस्केप. मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा इंग्रजी अंकात लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. जुने रनलेव्हल सिस्टमडीला अजून कळतात, त्यामुळे त्या बूटपुरता काळा पडदा येतो. रेस्क्यूपेक्षा मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण रेस्क्यू रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागतं आणि उबुंटूसारख्या ठिकाणी तो ठेवलेलाच नसतो. इथे नेहमीच्या नावाने लॉगिन करा, वही उघडा आणि शेवटी काढलेली सर्व्हिस 'एनेबल' करा.