आजीचा अंदाज वहीत कसा उतरवायचा

आजीला विचारलं कुरडयांच्या चिकात मीठ किती, तर म्हणते "अंदाजानं टाक ना वं". तो अंदाज तिच्या हातात आहे, वहीत नाही, अन ती आता पंच्याऐंशीची झाली, म्हणून यंदा उन्हाळ्यात मी लिहायला बसली.

पद्धत शिकली ती इझाबेला बीटन या इंग्रज बाईकडून. जन्म 1836 चा, अन 1861 मध्ये तिचं स्वयंपाक-घरकामाचं जाडजूड पुस्तक आलं तेव्हा ती फक्त 25 वर्षांची, पहिल्याच वर्षी 60,000 प्रती खपल्या. लोकांना वाटते कोणी म्हातारी सुगरण असेल, पण ती नवऱ्याच्या मासिकात काम करायची, वाचणाऱ्या बायांकडून रेसिपी मागवायची अन नीट मांडायची. प्रस्तावनेत तिनं लिहिलंय की एवढी मेहनत लागते हे आधी माहीत असतं तर सुरू करायची हिंमतच झाली नसती. 1865 मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर तापानं गेली, 28 व्या वर्षी. मला लय वाईट वाटलं वाचून.

तर तिची मांडणी अशी, आधी सगळं सामान मापासकट, मग कृती, मग वेळ, खर्च, किती जणांना पुरते अन कोणत्या महिन्यात करायचं. वहीच्या पानावर हे रकाने आधीच पाडून ठेवा.

आता माप कसं घ्यायचं, तर आजीला मोजायला लावूच नका, तिचा हात बिघडते. पिठाचा, मिठाचा, तिखटाचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिहा, तिला तिच्या मनानं करू द्या, मग डबा परत ठेवा, फरक म्हणजे माप. मूठ असेल तर तीनदा भरायला लावून वजन करा अन तीननं भागा. गंज, म्हणजे पातेलं, कोणता तेही लिहा, त्यात पाणी ओतून किती लिटर मावते ते पाहा, कारण आमच्याकडे कुरडईला जितके गंज चीक तितकेच गंज पाणी, अन गंज बदलला की सगळं चुकते.

वेळ घड्याळानं लिहा पण खूणही लिहा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, हे सोपं आहे. पण रोडग्यासाठी, म्हणजे निखाऱ्यावर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, गोवऱ्यांचा धूर पुरता थांबून निखारे झाले की मगच रोडगे टाकायचे, हे घड्याळात येत नाही. मोबाईल चुलीपासून जरा दूर ठेवून बोलणं रेकॉर्ड करा, आजी हात चालू असताना जे सांगते ते नंतर विचारलं तर आठवत नाही तिला.

एका गोष्टीत मात्र बीटनबाईचं ऐकू नका. तिनं कितीतरी रेसिपी एलायझा ॲक्टन यांच्या 1845 च्या पुस्तकातून नाव न देता घेतल्या होत्या. आपण प्रत्येक पानावर लिहायचं, आंबाडीची भाजी मोठ्या मावशीची, पाटोडी रस्सा शेजारच्या काकूंचा. त्या बायांचं नाव दुसरं कुठंच लिहिलेलं नाही हो.

शेवटी वही दुसऱ्या कोणाला देऊन करायला लावा, तुम्ही बाजूला राहा. माझ्या वहिनीनं वाचून कुरडया घातल्या, वाळल्यावर आजीनं एक तळून खाल्ली अन म्हणाली "मीठ इतभर कमी हाये". तेही डबा ठेवून मोजलं अन पानावर दुरुस्त केलं.