रद्दीतून वाढदिवसाच्या पताका

मुलांच्या वाढदिवसासाठी पताका करताना जुन्या मासिकांची गुळगुळीत, रंगीत पाने निवडावीत, कारण वर्तमानपत्राचा कागद खळीने लवकर मऊ पडतो आणि त्याची शाई हातांना लागते. रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून 12 सेंमी रुंद व 13 सेंमी उंच त्रिकोणाचा साचा कापून घ्यावा. मासिकाचे पान आडवे दुमडून साच्याची रुंद कड घडीवर ठेवावी आणि उरलेल्या दोनच बाजू कापाव्यात. घडीची बाजू कापली गेली, तर पताका दोरीवर ओवता येणार नाही. मग घडीत दोरी ठेवून आतून पातळ खळ लावावी व कागद दाबून चिकटवावा. जाड खळ लावण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यामुळे कागदाला सुरकुत्या पडतात.

दोन पताकांमध्ये 3 सेंमी अंतर ठेवले आणि दोन्ही टोकांना बांधण्यापुरती दोरी सोडली, तर 3 मीटर दोरीला 16 पताका पुरतात. चकचकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनांना खळ धरत नाही, त्यांना स्टेपलर वापरावा. कापण्याचे काम मुलांकडे देताना बोथट टोकाचीच कात्री द्यावी. तयार माळ मेणबत्त्यांपासून दूर आणि लहानग्यांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर बांधावी.